माणूस बसेल अशी टोपली

आमच्या घरात आम्ही दोघी जावा. ती थोरली, मी धाकटी. सगळी वस्ती आम्हाला याच नावांनी हाक मारते. खरी नावं आहेत, पण ती फक्त आरोग्य केंद्राच्या कागदावर, आणि तिथेही माझं चुकवून ठेवलंय.

थोरली टोपल्या विणायची. आमच्या डोंगरावर चाक चालत नाही. सरपण, धान्य, खत, दगड, कोंबड्या, जे काही वर चढायचं किंवा खाली उतरायचं ते माणसाच्या पाठीवरून. टोपली पाठीला, तिचा पट्टा कपाळावर, हातात काठी आणि नजर पायाखाली. त्यामुळे आमच्याकडे घरटी एक तरी विणणारा असतोच. पण थोरलीची टोपली अंधारातही हाताला कळायची. बूड इतकं दाट की मोहरी ओतली तरी दाणा गळायचा नाही. काठ असा गुळगुळीत की दिवसभर घासला तरी अंगावरचं कापड विरायचं नाही. तिचा बाप विणकर होता. त्याला पाच मुली. चौघींनी हात चिरून घेतले आणि काम सोडून दिलं. हिने हात चिरून घेतले आणि काम धरून ठेवलं.

मी आले खालच्या वस्तीतून. माझ्या माहेरी शेती, बांबूशी संबंध काय तो कुंपणापुरता. लग्नाला महिना झाला असेल, थोरलीने माझ्यापुढे एक बांबू टाकला आणि कोयता हातात दिला. "चीर," म्हणाली. मी चिरला. बांबूही आणि अंगठाही. चार दिवस खपून मी एक टोपलीसारखं काहीतरी विणलं. तिने ते उचललं, उजेडात धरलं आणि त्यातून आरपार माझ्याकडे बघितलं.

"मासे धरायला बरं आहे," म्हणाली.

सासरे पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही. मनात अढी बसली ती तिथेच.

तीन वर्षांनी मी बाजारातून प्लास्टिकचा लाल टब आणला. भांडी विसळायला, धुणं भिजवायला. टब आणला तिथवर ठीक होतं. पण माझी जीभ कुठे गप्प बसते! "बरा आहे बाई," मी म्हणाले, "धुतला की झालं. तुमच्या टोपल्यांसारखा भुसा तरी पाडत नाही."

थोरली उठली. स्वयंपाकघरात तिने विणलेल्या सात टोपल्या होत्या. एकेक करून सगळ्या उचलल्या आणि तिच्या खोलीत नेऊन ठेवल्या. त्या दिवसापासून नऊ वर्षं आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नाही.

एका छपराखाली नऊ वर्षं न बोलता राहणं तसं सोपं नाही. आमचं कोंबडीमुळे भागलं. थोरली अंगणातल्या कोंबडीला म्हणायची, "बाई गं, दार लावून घेत जा, वारा येतो." मी उठून दार लावायचे आणि त्याच कोंबडीला सांगायचे, "पीठ संपत आलंय बरं का, कुणाला तरी दळायला हवं." संध्याकाळी पीठ दळून तयार. लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडे लेकीच्या जागी कोंबडी होती. माझा नवरा म्हणायचा, "या घरात सगळ्यात जास्त बोलणी कोंबडीच खाते."

पण एक गोष्ट सांगायला हवी. याच नऊ वर्षांत माझी मुलगी झाली. बाळंतपण अवघड गेलं होतं, मी पंधरा दिवस अंथरुणाला खिळून होते. एके सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी बांबूचा पाळणा. आतल्या बाजूची एकेक पाती अशी तासलेली की गालावरून फिरवली तरी टोचू नये. कुणी ठेवला ते सांगायला नको होतं. मी मुलीला त्यात निजवलं. पलीकडच्या खोलीत कोयत्याचा आवाज चालू होता, तो क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी तेव्हा चार पावलं जाऊन एक शब्द बोलायला हवं होतं. गेले नाही. ते मनात सलत राहिलं.

तो कोयत्याचा आवाज माझ्या दिवसाचं घड्याळ होता. बांबूच्या पेरावर एक ठोका, मग चिरत जाणारा लांब कर्रर्र, मग पात्या तासल्याची खसखस. ठोका, कर्रर्र, खसखस. भिंतीपलीकडे तो चालू असला की मला माझं काम सुचायचं. एके दिवशी सकाळी मी भांडी घासत होते. ठोका पडला, कर्रर्र सुरू झाला आणि मध्येच थांबला. बांबू अर्धवट चिरून ती कधी सोडायची नाही. मी हातातलं भांडं टाकून धावले.

ती भिंतीला टेकून बसली होती. कोयता मांडीवरून खाली पडलेला, उजवा हात त्याच्याकडे जायचा प्रयत्न करत होता आणि जात नव्हता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. अंगावरून वारं गेलं होतं.

"ताई!" मी ओरडले. नऊ वर्षांनी.

मोठे भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, आणि माझा नवरा दोघंही शेतातून धावत आले. खाली रस्त्यापर्यंत चार तासांची वाट. एरवी आजाऱ्याला झोळीत घालून चौघं नेतात, पण त्यासाठी गडी जमवायला दुपार झाली असती, आणि कड्याजवळची वाट तर एका माणसाच्याच रुंदीची. "पाठीवर घेतो," भाऊजी म्हणाले. अंगणात एक मोठी टोपली उभी होती, कालच काठ बांधून झालेली, कुणा गिऱ्हाइकाची. मी कोयता घेतला. पाय बाहेर काढायला एक बाजू कापली की माणूस त्यात बसेल, हे डोक्यात आलं. पहिला घाव घालणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ती... नको."

थोरली बोलत होती. अर्ध्या तोंडाने, पण बोलत होती.

"जुनी... घे."

"जुनीचं बूड गेलंय ताई, गप्प बसा!" मी म्हणाले आणि घाव घातला. नऊ वर्षांनी बोललो आणि पहिल्याच बोलण्यात भांडलो.

टोपलीत माणूस बसतो तो पाठीला पाठ लावून, तोंड मागे करून. तिचे पाय कापलेल्या जागेतून बाहेर लोंबत होते. उतरणीवर थोडं गेल्यावर कळलं, माझं कापणं चुकलं होतं. कापलेल्या पात्या एकेक करून सुटू लागल्या, टोपलीने आ वासला. मग मी मागून चालत दोन्ही हातांनी ती फट दाबून धरली. तिचे पाय माझ्या पोटाला टेकलेले, तिचं तोंड माझ्या तोंडापासून हातभर. भाऊजी दमले की माझा नवरा टोपली घ्यायचा, तो दमला की भाऊजी. मला बदली नव्हती.

चार तास आम्ही समोरासमोर. तिला मान वळवता येत नव्हती, मला मागे फिरता येत नव्हतं. पहिला तासभर मी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले. मग म्हटलं, कशाला आता?

"ताई, पाळण्याचं सांगायचं राहून गेलं," मी म्हणाले. "पोरगी त्यात दोन वर्षं निजली. एक ओरखडा नाही उठला अंगावर. मी यायला हवं होतं तेव्हा. आले नाही. माझंच चुकलं."

ती बघत राहिली.

"आणि टबाचंही चुकलं. टब चांगला आहे, पण बोलले ते वाईट होतं."

तिच्या एका डोळ्यातून पाणी येऊ लागलं. दुसऱ्या डोळ्याचं मला कळेना, तो आजाराने मिटेनासा झाला होता. पुसायला माझे हात मोकळे नव्हते. मी नुसती बोलत राहिले. पोरीचं, गाईचं, सासऱ्यांच्या खोकल्याचं, नऊ वर्षांत साठलेलं सगळं. पुढून भाऊजी धापा टाकत म्हणाले, "धाकटे, बोलत राहा गं, मला पावलं टाकायला बरं पडतंय."

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला आत घेतलं. गाडी बोलावून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. वाचली. दोन महिने आम्ही खालीच होतो, आळीपाळीने. शेवटचे दिवस पुन्हा केंद्रात काढले. निघायच्या आधी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत म्हणून निभावलं. वरच्या वस्त्यांतले लोक माणसं जमवण्यात वेळ घालवतात आणि उशिरा पोचतात. पाठीवरून एकटा माणूस नेऊ शकेल अशी टोपली प्रत्येक वस्तीत हवी. पण तुमच्या त्या टोपलीसारखी फाटकी नको हं."

थोरली तोवर शब्द जुळवायला शिकत होती. दिवसाकाठी दोन-चार शब्द निघायचे. त्या दिवशी ती पहिलं पूर्ण वाक्य बोलली.

"ती मी फाडली नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

आम्ही घरी परतलो. पाय ओढत का होईना, ती चालत होती. उजवा हात मात्र लोंबत होता. सकाळी उठून ती आपल्या जागी जाऊन बसायची, समोर बांबूचा ढीग, बाजूला कोयता. नुसती बसायची. घरात तो आवाज नव्हता. भाऊजी मला हळूच म्हणाले, "तिला काहीतरी विचार. काहीही."

विचारायची वेळ आली नाही. एका सकाळी तिनेच हाक मारली. "धाकटे, इकडे ये. हात दे."

मी उजवा हात पुढे केला. तिने तो डाव्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बाजारात वांगं बघावं तसा दाबून बघितला.

"मऊ आहे," ती म्हणाली. "चालेल. घट्टे पडतील."

"कशाला पडतील?"

"माणूस बसेल अशी टोपली विणायची आहे. डोकं माझं आहे, हात नाही. तुला हात आहेत."

माझ्या डोक्याबद्दल ती काही बोलली नाही. तेवढे उपकार म्हणायचे.

शिकणं सोपं नव्हतं. ती भिंतीला टेकून बसायची, मी तिच्या पुढ्यात. ती काठीने दाखवायची. बांबू वाजवून बघ. भद्द वाजला तर कोवळा, टण् वाजला तर पिकलेला. चिरताना कोयता नको ढकलू, बांबूला त्याची वाट धरू दे. पाठीची पाती, म्हणजे बांबूच्या सालीकडची, वेगळी, गाभ्याची वेगळी. वजन पाठीची पाती झेलते, गाभ्याची नुसती जागा भरते. पात्या भिजवायला घरात मोठं भांडं नव्हतं. ती दुसरीकडे बघत म्हणाली, "तुझा तो टब आण." मी आणला. त्यावर कुणीच काही बोललं नाही, मीसुद्धा. मला तेवढी अक्कल तोवर आली होती.

खरी अडचण होती ती उघड्या बाजूची. साधी टोपली गोल गोल विणत जायची, पातीला थांबायला जागाच नसते. पण पायांसाठी एक बाजू मोकळी ठेवायची तर प्रत्येक पाती तिथवर येऊन मागे वळवायला हवी. वळणावर ती सैल पडते, आणि तिथेच सगळा भार येतो. थोरलीने सांगितलं, "दाराला चौकट असते तशी चौकट कर. दोन्ही कडांना उभ्या काड्या तिहेरी घाल. पाती त्यांना दोन वेढे घेऊन मागे फिरव."

पहिली टोपली माझ्या नवऱ्याने दगड भरून तपासली. पाठीवर घेतली आणि दहा पावलांत सगळे दगड वाटेवर. दुसरी दिसायला बरी होती. मला चेव चढला. "मीच बसते," म्हणाले. भाऊजींनी मला उचललं. अंगणाच्या कडेपर्यंत गेलो असू. काड् असा आवाज झाला, आणि मी चौकटीसकट शेणाच्या ढिगात.

मग एक विचित्र आवाज आला. थोरली हसत होती. तोंडाची एक बाजू वळत नव्हती म्हणून ते हसणं शिट्टीसारखं निघत होतं. ते ऐकून मला हसू आलं, माझं बघून तिला आणखी. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मी पुसलं माझं, मग जाऊन तिचंही पुसलं.

"मासे धरायला बरी आहे का?" मी विचारलं.

"मासे तरी कसले," ती म्हणाली, "तू एवढी जड, तूच निसटलीस."

चौथी टिकली. बुडाला आडव्या पट्ट्या, बसायला विणलेली बैठक, पाठीशी मऊ गादी, पट्टे दोन खांद्यांना आणि एक कपाळाला. ती झाल्यावर थोरली काठी टेकत आली आणि म्हणाली, "मला बसवा." भाऊजी म्हणाले, "दगड भरून बघितलेत की, तीन दिवस." तिने ऐकलं नाही. "ज्यात मी बसणार नाही, त्यात दुसऱ्याला कसं बसवू?" भाऊजींनी तिला झऱ्यापर्यंत नेलं आणि परत आणलं. सगळ्या वाटेभर ती मागे तोंड करून मला सूचना देत होती, "डावी कड बोटभर उंच आहे. गादी सरकते. पट्टा करकरतोय, ऐकू येतं का तुला?" मला ऐकू येत होतं. एवढं नीट ऐकायला तिनेच शिकवलं होतं.

त्यानंतर तेरा वर्षं झाली. त्या पहिल्या वर्षी आम्ही सात टोपल्या केल्या, पुढे आसपासच्या डोंगरांवरच्या प्रत्येक वस्तीत एक पोचली. खराब झाली की लोक दुरुस्तीला आणतात. डॉक्टरीणबाई एकदा मुद्दाम वर आल्या आणि थोरलीला म्हणाल्या, "किती सुंदर विणलंत हो तुम्ही." थोरलीने मला पुढे ओढलं. "तोंड माझं, हात हिचे," म्हणाली. "तोंडाला कष्ट जास्त पडले."

एकदा शहरातून एक साहेब आले. डोंगरी कारागिरांचं प्रदर्शन होतं, त्यांना ही टोपली हवी होती.

"तिथे यात कोण बसणार?" थोरलीने विचारलं.

"कुणी नाही, आजी. लोक नुसतं बघतील."

"मग नाही देत. बघायलाच हवं तर सूप न्या, सूपही छान दिसतं." साहेब आमच्या वस्तीतल्या तीन बायांनी विणलेली सुपं घेऊन गेले. त्या बायांचं काम त्यावरून शहरात माहीत झालं, त्यांना अजून मागणी येते. त्या दरवेळी थोरलीचं नाव काढतात. थोरली म्हणते, "मी काय केलं? मी तर नाही म्हणाले."

तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि एक बोट तिसऱ्या वर्षी जागं झालं. पाती दाबून धरण्यापुरतं. तेव्हापासून ती चौकटीच्या कडेला स्वतः बसते. ती दाबते, मी वेढा घालते. भिंतीपलीकडून ऐकलं तर ठोका, कर्रर्र, खसखस असाच आवाज येतो. फक्त मध्ये मध्ये कुणीतरी कुणाला तरी रागावत असतं. माझी मुलगी म्हणते, तुम्ही दोघी नऊ वर्षं बोलला नव्हतात यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

मला लोक विचारतात, इतकं ऐकून घेतेस तिचं, राग नाही येत? येतो ना. पण माझ्या हाताला आज जे काही येतं, ते एकेक तिच्या तोंडून माझ्या बोटांत उतरलेलं आहे. मी या घरात आले तेव्हा मला अंगठा कापण्यापलीकडे काही येत नव्हतं. आज पलीकडच्या डोंगरावरची म्हातारी माणसं मला बघून आशीर्वादाला हात वर करतात. हे तिचं देणं. मी तिला तसं एकदा सांगितलंही. ती म्हणाली, "बरं बरं. पाती सुकली, लक्ष दे."

गेल्या आठवड्यात दुपारी एक जोडपं वर आलं. पलीकडच्या वस्तीतलं, आमच्या ओळखीचं नाही. बाईच्या पाठीला तीन महिन्यांचं मूल बांधलेलं, नवऱ्याच्या पाठीला आमची टोपली. बाळंतपणात ती अडलेली असताना नवऱ्याने तिला त्याच टोपलीतून एकट्याने खाली नेलं होतं. दोघीही सुखरूप सुटल्या, ती आणि तिची पोर. ते दोघं तेवढं सांगायला एवढा डोंगर चढून आले होते. बाई वाकून थोरलीच्या हाताला कपाळ लावायला लागली.

थोरलीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताने, ज्याचं एक बोट आणि अंगठाच चालतो. मग बाळाकडे बराच वेळ बघितलं. बाळ झोपलेलं होतं. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. ती त्या नवऱ्याकडे वळली.

"पट्टा खांद्याला काचला का रे?"

तो संकोचला. "नाही आजी, तसं काही..."

"खरं सांग. चार तास चाललास."

"डाव्या बाजूला थोडा," तो म्हणाला. "उतरणीवर. फोड आला होता, पण आता बरा आहे."

"बघितलंस?" थोरली मला म्हणाली. "मी म्हणत होते, पट्टा अरुंद आहे."

ती असं कधीच म्हणाली नव्हती. पण मी मान डोलावली, त्या दोघांना चहा ठेवला आणि त्यांच्या टोपलीचा जुना पट्टा सोडवायला बसले. तिने समोर येऊन त्याचं एक टोक अंगठ्याखाली दाबून धरलं.